पहाटे उतरणारी साखर : खानापूर तालुक्यातल्या एका इन्सुलिनोमाची हकीकत

रुग्ण ३९ वर्षांची, जांबोटी भागातली शेतकरी बाई. घरी भाताची शेती, थोडी रताळी, दोन म्हशी. तीन वर्षांपासून ‘फिट येते’ म्हणून गोळ्या चालू होत्या. तिचे नाव आणि गाव इथे देत नाही. ही हकीकत सविस्तर मांडतो आहे, कारण शेवटी तिच्या पोटातून निघालेली गाठ (इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडातली बेबंद इन्सुलिन सोडणारी गाठ) दुर्मीळ असली तरी त्या गाठीपर्यंत पोहोचण्याची वाट कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यातून जाऊ शकते.

धार काढायला पहाटे पाचला उठणारी ही बाई आधी हाका मारूनही उठेनाशी झाली. उठलीच तर डोळे उघडे, पण बोलणे कशाचे कशाला लागत नसे. अंग घामाने चिंब. कधी दाराशी जाऊन उभी राही, कुणी हात धरला तर हिसडा मारी. चहा-बिस्कीट पोटात गेले की पाव तासात ताळ्यावर येई, आणि मधले तिला काहीच आठवत नसे. लावणीच्या दिवसांत सकाळी न खाता शेतात गेली तर अकराच्या सुमारास चिखलातच बसून राही. ‘समोरची माणसं दोन-दोन दिसतात’ असेही एकदा म्हणाली होती. दुसऱ्या वर्षी एका पहाटे हातपाय झटकले, दातखीळ बसली, आणि तिथून तिच्या कागदांवर ‘आकडी’ हा शब्द आला.

त्याआधी घरच्यांनी बाहेरचे काही असेल म्हणून देवऋषी पाहिला होता, सौंदत्तीच्या यल्लम्माला बोलून झाले होते. त्यात त्यांना दोष देण्यासारखे मला काही दिसत नाही. रोज पहाटे येणारे आणि दिवसा मागमूस न ठेवता जाणारे दुखणे कुणालाही बुचकळ्यात पाडील. पुढे मेंदूचा एमआरआय झाला, ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) झाला, दोन्ही नॉर्मल. व्हॅल्प्रोएट हे आकडीचे औषध सुरू झाले. झटके पुन्हा आले नाहीत, पण पहाटेची भूल तशीच राहिली. उलट वजन ५८ किलोवरून ७० वर गेले. व्हॅल्प्रोएटने वजन पुष्कळदा वाढते, म्हणून त्या वाढीचा कुणी वेगळा विचार केला नाही. खरे तर ती दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकत होती, कारण खाल्ले की बरे वाटते हे तिच्या शरीराला केव्हाच कळले होते.

रक्तातली साखर कुणी पाहिलीच नाही असे नव्हे. ती दोनदा पाहिली गेली, आणि दोन्ही वेळा तिने चुकीची वाट दाखवली. पहिल्यांदा लॅबमध्ये ‘उपाशीपोटी’ साखर ८४ आली. विचारल्यावर कळले की घरून निघताना तिने साखरेचा चहा घेतला होता. खानापूर गाठून, तिथून बस बदलून बेळगावला यायचे तर चहाशिवाय कोण निघते? दुसऱ्यांदा ती पाहिली झटका आला त्या पहाटे, एका दवाखान्यात. तिथे आधी ग्लुकोजची बाटली लावली आणि मग रक्त घेतले. साखर १९०. कागदावर ती नोंद पुढे तीन वर्षे ‘शुगर नॉर्मल’ म्हणून सोबत फिरत राहिली. बेशुद्ध माणसाला ग्लुकोज द्यावे, जरूर द्यावे, पण बोटाला सुई टोचून एक थेंब आधी घ्यायला अर्धे मिनिट लागते.

माझ्याकडे ती आली ती दुसऱ्याच कारणाने, पायाच्या जखमेसाठी. सोबत सासू होती. गोळ्यांची यादी लिहून घेताना सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टर, उपाशी ऱ्हायली की ही अशी करते बघा की ओ. गूळपाणी पाजलं की शुद्धीवर येते. आकडी गुळानं जाते काय?”

इतकी नेमकी वैद्यकीय शंका मी क्वचितच ऐकली आहे. घर माळकऱ्यांचे, पण सून दोन वर्षांपासून एकादशी करत नव्हती, ‘सोसत नाही’ म्हणून. वर्षभरात एकदाही तशी भूल जेवणानंतर पडली नव्हती. भूक, घाम, भ्रम, आणि गोड दिल्यावर उतार.

बारावीत शिकणाऱ्या मुलाला ग्लुकोमीटर वापरायला शिकवले. सांगितले एवढेच की आईला तसे झाले तर आधी बोटाची साखर बघायची, आकडा वेळेसह वहीत लिहायचा आणि लगेच गूळपाणी द्यायचे. पहिल्याच आठवड्यात तीन नोंदी आल्या : पहाटे ४.५० ला ४१, पहाटे ५.१५ ला ३६, सकाळी १०.३० ला ४४. तिन्ही वेळा गोड दिल्यावर पंधरा मिनिटांत साखर सत्तरच्या वर आणि माणूस पूर्ववत.

साखर कमी झाल्याची लक्षणे, त्याच क्षणी मोजलेली कमी साखर, आणि साखर वाढवताच उतार. ही तीन अंगे न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात एकत्र मांडली. तिन्ही जमल्याशिवाय स्वादुपिंडावर चाकू चालवू नये, हा त्यांचा रोख होता, आणि तो आजही तसाच लागू आहे. ग्लुकोमीटर मात्र कमी आकड्यांना फारसा भरवशाचा नसतो. त्यावरून संशय घ्यावा, निदान करू नये.

मधुमेह नसलेल्या माणसाची साखर इतकी का उतरावी? पहिला प्रश्न घरातल्या औषधांचा. सासरे मधुमेही, त्यांच्या ग्लिमेपिराइडच्या गोळ्या आणि सुनेच्या आकडीच्या गोळ्या एकाच डब्यात. ही शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतात, आणि रक्ताच्या तपासणीत चित्र हुबेहूब इन्सुलिनोमासारखे दिसते. डबे वेगळे केले. सासऱ्यांच्या गोळ्या मोजून ठेवल्या. पहाटेची साखर उतरतच राहिली. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, सकाळचे कॉर्टिसॉल, सगळे ठीक. दारू नाही, पोटाचे जुने ऑपरेशन नाही.

त्यानंतर ७२ तासांचा उपास. ही चाचणी दवाखान्यात भरती करूनच करायची असते. पाणी चालते, बिनसाखरेचा काळा चहा चालतो, आणि हातात सलाइनची सुई तयार ठेवावी लागते. बहात्तर तास क्वचितच लागतात, इन्सुलिनोमाचे बहुतेक रुग्ण ४८ तासांच्या आत कोसळतात. हिचे अकराव्या तासाला बोलणे अडखळू लागले. ग्लुकोज देण्याआधी शिरेतून घेतलेल्या रक्तात साखर ३८, इन्सुलिन २२ आणि सी-पेप्टाइड ३.१ आले.

हे आकडे वाचायचे कसे ते सांगतो. साखर ५५ च्या खाली गेल्यावर निरोगी शरीर इन्सुलिन जवळजवळ बंद करते. त्या वेळी इन्सुलिन ३ किंवा त्याहून जास्त आणि सी-पेप्टाइड ०.६ किंवा त्याहून जास्त असेल तर कुठूनतरी बेबंद इन्सुलिन सुटते आहे असे समजायचे. सी-पेप्टाइड शरीरात इन्सुलिन तयार होतानाच सुटते. बाहेरून इंजेक्शन घेतले असते तर इन्सुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड कमी दिसले असते. रक्तातले कीटोनही, म्हणजे उपाशी शरीर चरबी जाळते तेव्हा तयार होणारी द्रव्ये, वाढले नव्हते. अकरा तास उपाशी आणि साखर ३८ असताना ते वाढायला हवे होते. इन्सुलिनने दाबून धरले होते. सल्फोनिलयुरिया, म्हणजे ग्लिमेपिराइडच्या वर्गातल्या, गोळ्यांसाठीची रक्ताची चाचणी बाहेरगावी पाठवावी लागली, ती निगेटिव्ह आली. एक व्यावहारिक बाब : नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तर इन्सुलिनचा आकडा खोटा कमी येतो. म्हणून नमुना तिथल्या तिथे फिरवून, सीरम वेगळे करून बर्फात पाठवले.

इन्सुलिनोमा वर्षाला दर दहा लाखांत १ ते ४ जणांना होतो. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४८ लाख होती. म्हणजे हिशेबाने एकट्या या जिल्ह्यात दरसाल पाच ते वीस रुग्ण असायला हवेत. तितके आपल्या नजरेस पडत नाहीत. उरलेले आकडीच्या, मानसिक आजाराच्या, नाहीतर ‘अंगात येतं’ म्हणवणाऱ्यांच्या गर्दीत असावेत असे मला वाटते.

घरच्यांना ‘स्वादुपिंडात गाठ असावी’ म्हटल्यावर पतीचा चेहरा उतरला. गावात एक जण स्वादुपिंडाच्या कॅन्सरने चार महिन्यांत गेला होता. त्यांना नीट बसवून सांगावे लागले की तो आजार वेगळा. तो पाचक रस वाहणाऱ्या नलिकांच्या अस्तरातून निघतो आणि बहुतेकदा उशिरा सापडतो. ही गाठ निघते ती पाउल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये प्रथम वर्णन केलेल्या बेटांसारख्या पेशीपुंजांतून, आणि दहापैकी नऊ वेळा ती साधी, एकटी, दोन सेंटिमीटरहून लहान असते. काढली की माणूस बरा होतो.

पण काढायची तर आधी सापडायला हवी. पोटाच्या सोनोग्राफीत काही दिसले नाही. आतड्यातला वायू आणि वाढलेली चरबी यांच्या आड एवढी गाठ दिसणे कठीणच. मग स्वादुपिंडासाठी वेळ जुळवून केलेला सीटी स्कॅन. या गाठीला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे औषध टोचल्यावर धमन्या भरतात त्या पहिल्या काही सेकंदांत ती उजळते आणि मग आसपासच्या मांसात मिसळून जाते. नेहमीचा सीटी उशिराच्या टप्प्यात काढतात, त्यात ती हुकते. रेडिओलॉजिस्टला चिठ्ठीवर संशयित निदान लिहून दिले होते, म्हणून त्यांनी टप्पे बदलले. स्वादुपिंडाच्या मधल्या भागात, मागच्या बाजूला, १४ मिलिमीटरचा ठिपका दिसला.

काही डॉक्टर आधी सीटी करतात आणि त्यात काही दिसले तर मग रक्त तपासतात. हा क्रम मला मान्य नाही. स्वादुपिंडात निरुपद्रवी गाठी आणि पुटकुळ्या पुष्कळांना असतात. इन्सुलिनचा पुरावा हातात नसताना दिसलेली गाठ माणसाला विनाकारण टेबलावर नेऊ शकते.

ठिपका मुख्य नलिकेपासून किती दूर आहे हे कळल्याशिवाय शस्त्रक्रिया ठरणार नव्हती. त्यासाठी तोंडावाटे दुर्बीण जठरात नेऊन आतून करायची सोनोग्राफी, म्हणजे ईयूएस, हवी होती. तिचा भाऊ पुण्यात कंपनीत कामाला, म्हणून ती पुण्याला झाली. गाठ आणि नलिका यांच्यात ४ मिलिमीटर अंतर. कॅल्शियम, पॅराथॉर्मोन, प्रोलॅक्टिन नॉर्मल, घराण्यात मुतखडे किंवा अशा गाठींचा इतिहास नाही. म्हणजे अनेक ग्रंथींत गाठी करणाऱ्या आनुवंशिक एमईएन-१ विकाराची शंका राहिली नाही. ती असती तर एकाऐवजी अनेक गाठी शोधाव्या लागल्या असत्या आणि शस्त्रक्रियेचा बेतच बदलला असता.

शस्त्रक्रिया कुठे करायची यावर घरात बरीच चर्चा झाली. भाऊ म्हणे पुण्यालाच, दीर म्हणे बंगळूरला, कुणी मिरजेचे नाव घेतले. बेळगावहून पुणे सुमारे ३४० किलोमीटर, बंगळूर सुमारे ५००. माझे मत बेळगावचे पडले, आणि त्याला दोन कारणे होती. स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया नेहमी करणारे शल्यविशारद आणि टेबलावर सोनोग्राफी करू शकणारे रेडिओलॉजिस्ट इथे एकाच वेळी मिळत होते. दुसरे म्हणजे या शस्त्रक्रियेतला खरा धोका टाके पडल्यानंतर सुरू होतो, आणि त्या वेळी रुग्ण डॉक्टरपासून तासाभराच्या अंतरावर असावा. शिवाय घरचे रेशनकार्ड बीपीएल, आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत अशा कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. सरकारी रुग्णालयाची रेफरलची चिठ्ठी घेण्यात एक आठवडा गेला. कन्नड अर्ज दिराने भरला.

तोवर साखर सांभाळायची होती. रात्री दहाला भाकरी, उकडलेले रताळे, आणि झोपताना थंड दुधात कच्चे कॉर्नफ्लॉर ढवळून. शिजवलेले नाही, कच्चेच, कारण ते हळूहळू पचते. रात्री दोनला गजर लावून पुन्हा दूध-भाकरी. नुसत्या साखरेवर भर देऊ नये, ती झपाट्याने चढते आणि तितक्याच झपाट्याने उतरते. डायझोक्साइडने गाठीतून सुटणारे इन्सुलिन आवरता येते, पण ते गावच्या मेडिकलमध्ये मिळणारे औषध नव्हे, आणि त्याने अंगावर सूज येते. खाण्यावर भागत होते म्हणून ते दिले नाही. पहाटेची भूल पूर्ण थांबली. घरच्यांचा विश्वास बसला तो इथे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. दुर्बिणीतून करण्याचा विचार होता, पण गाठ मागच्या बाजूला, प्लीहेच्या शिरेला लागून होती. शल्यविशारदांनी पोट उघडण्याचा निर्णय घेतला. तो मला योग्य वाटला. जठर आणि मोठे आतडे यांच्यामधला पडदा कापून स्वादुपिंडाचा पुढचा भाग उघडा केला, लहान आतड्याचा सुरुवातीचा वळसा सोडवून डोक्याकडचा भागही हातात घेतला. मग अंगठा आणि बोटे यांच्यात धरून ग्रंथी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली. सीटीत एक गाठ दिसली म्हणून दुसरी नसेलच असे धरता येत नाही. त्यानंतर थेट ग्रंथीवर सोनोग्राफीची दांडी ठेवून पुन्हा सगळी पाहिली. गाठ एकच होती, तांबूस-तपकिरी, जांभळाच्या बी एवढी.

एकेकाळी गाठ सापडली नाही तर ती शेपटाकडे असेल या अंदाजाने स्वादुपिंडाचा अर्धा भाग कापून टाकत. गाठी मात्र डोके, मध्य आणि शेपूट अशा तिन्ही भागांत जवळपास सारख्याच विखुरलेल्या असतात. अंदाजाने कापलेल्यांपैकी कितीतरी जण गाठ तशीच पोटात घेऊन घरी गेले, वर मधुमेहाचा धोका पदरात पडला. आज तसे करण्याला समर्थन नाही. सापडत नसेल तर पोट मिटावे आणि पुन्हा शोधावे.

नलिका दूर असल्याने गाठ तिच्या आवरणासह सोलून काढता आली, ग्रंथीचा भाग कापावा लागला नाही. नलिका दोन-तीन मिलिमीटरच्या आत असती तर मधला तुकडा किंवा शेपटाकडचा सगळा भाग काढावा लागला असता. भूलतज्ज्ञांनी ग्लुकोजची बाटली आधीच बंद केली होती आणि दर पंधरा मिनिटांनी साखर मोजत होते. गाठ निघण्याआधी ६२, निघाल्यावर अर्ध्या तासाने ९८, तासाने १३१. फ्रोझन सेक्शनने, म्हणजे गाठीचा तुकडा गोठवून लगेच केलेल्या तपासणीने, तीच गाठ असल्याची खात्री दिली. या उपचाराला जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे. टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांना १९२१ मध्ये इन्सुलिन सापडले, आणि त्याच शहरात रॉस्को ग्रॅहम यांनी १९२९ मध्ये अशी गाठ काढून रुग्ण बरा केला. त्याआधी दोन वर्षे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एका डॉक्टर-रुग्णाचे पोट उघडले होते, पण त्यांची गाठ यकृतात पसरलेली निघाली.

पुढचे दोन दिवस साखर २०० च्या आसपास राहिली. घरचे घाबरले, ‘आता शुगर लागली का?’ इतकी वर्षे गाठीने दाबून ठेवलेल्या चांगल्या पेशींना जागे व्हायला काही दिवस लागतात. चौथ्या दिवशी साखर आपोआप ११० वर आली.

गुंतागुंत झाली ती नळीची. गाठ सोलल्यावर तिथे नळी ठेवलेली असते. तिसऱ्या दिवशी त्या पाण्यातले अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातले एक पाचक द्रव्य, ४,२०० आले. रक्तातल्या कमाल पातळीच्या तिपटीहून जास्त असेल तर स्वादुपिंडाचा रस पाझरतो आहे असे धरतात. हा पाझर सोलून काढण्याच्या पद्धतीत, भाग कापण्याच्या पद्धतीपेक्षा अधिक आढळतो. ग्रंथी वाचवण्याची ती किंमत आहे. ताप नव्हता, खाणे चालू होते, सीटीत पाणी साठलेले नव्हते. पुन्हा पोट उघडण्याचे काही कारण नव्हते. नळी ठेवायची आणि वाट पाहायची, एवढाच उपचार.

वाट पाहणे घरच्यांना शस्त्रक्रियेपेक्षा जड गेले. जूनअखेर जांबोटीकडे पाऊस धो-धो लागतो, ओढ्यांवरचे सखल पूल पाण्याखाली जातात. अशा वेळी नळीसह तिला गावी पाठवणे मला मंजूर नव्हते. तिला बेळगावात वडगावला नणंदेकडे ठेवले. नणंदेला तीन गोष्टी शिकवल्या. रोज सकाळी पिशवीतले पाणी मोजून लिहायचे. नळीभोवतीच्या कातडीला झिंक ऑक्साइडचे मलम लावायचे, कारण हा रस कातडीही पचवतो. आणि पिशवीत रक्त दिसले, अगदी चमचाभर का असेना, तर फोन न करता थेट दवाखाना गाठायचा. पाझरणारा रस शेजारच्या धमनीची भिंत कुरतडू शकतो, आणि मोठ्या रक्तस्रावाआधी पुष्कळदा असा थोडासा इशारा मिळतो. हे सगळे मराठीत आणि कन्नडमध्ये एका कार्डावर लिहून दिले, रात्रपाळीच्या सिस्टरना कुठल्याही भाषेत वाचता यावे म्हणून.

पाणी ७० मिलिलिटरवरून ४०, मग १५ वर आले. तीन आठवड्यांपुढे नळी राहिली म्हणून कागदोपत्री हा ‘बी’ श्रेणीचा फिस्टुला, म्हणजे पाझर, ठरला. पाचव्या आठवड्यात पाणी थांबले, नळी निघाली. रक्त एकदाही दिसले नाही.

पॅथॉलॉजीचा अहवाल : न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, श्रेणी १, के-आय-६७ (वाढत्या पेशींचे प्रमाण) एक टक्का, आवरण शाबूत. म्हणजे पेशींची वाढ अगदी मंद.

व्हॅल्प्रोएट न्यूरोलॉजिस्टने चार महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद केले. ते आम्ही एकदम थांबवले नाही, कारण वारंवार साखर उतरून मेंदूवर काय परिणाम झाला असेल हे बाहेरून दिसत नाही. झटका पुन्हा आला नाही. वजन वर्षात ६३ वर आले. एक गोष्ट पूर्ण भरून आलेली नाही : माणसांची नावे ती विसरते, बाजारात हिशेब करताना अडते. वर्षानुवर्षे मेंदू रोज पहाटे उपाशी राहिला, त्याची ही खूण असावी. रोगनिदान दोन वर्षे आधी झाले असते तर ती टळली असती असे मला मनापासून वाटते. नाचणीच्या पोत्यांचा हिशेब आता मुलगा लिहितो.

गाठ एकटी होती, श्रेणी १ ची होती आणि पूर्ण निघाली आहे. त्यामुळे वर्षातून एकदा खरोखर उपाशीपोटी घेतलेली साखर आणि सोबत कॅल्शियम, एवढेच ठरवले आहे. पुन्हा सीटी करण्याचे कारण आज तरी दिसत नाही.